उंटावर कवळीचा दावा

अख्ख्या अल ऐन शहरात वकील न लावता कोर्टात गेलेला आणि समोरच्या बाजूला चक्क एका उंटिणीला उभं केलेला मराठी माणूस एकच आहे. मी! जोकिम. मूळ गाव वसई, मुक्काम अल ऐन, एकतीस वर्षं हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, आता मुलाच्या व्हिसावर निवृत्त. बाराशे पाहुण्यांची बिर्याणी ज्याने नुसत्या नजरेने मोजली, त्याला लहान दाव्यांच्या कोर्टाची काय भीती? मी घरात जाहीरच करून टाकलं होतं, "वकील कशाला? वकील चार शब्द बोलतो आणि चार हजार दिरहम घेतो. म्हणजे जवळजवळ लाख रुपये! मी चार हजार शब्द फुकट बोलतो!"

"त्याचीच तर भीती आहे," कॅमिला म्हणाली. कॅमिला म्हणजे माझी बायको. त्रेचाळीस वर्षं संसार झाला, पण माझ्या वक्तृत्वाला तिने अजून टाळी दिलेली नाही.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि खरं तेच सांगतो. आमच्या वसईत लोक म्हणतात, जोकिमने पकडलेला बोंबील घरी पोचेपर्यंत सुरमई होतो. साफ खोटं! फार तर पापलेट होतो.

तर माझी एक गाडी आहे, रोझी. पांढरी, वय वर्षं अठरा. तिचा एसी सुरू केला की म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या खोकल्यासारखा आवाज येतो, पण गार हवाही येते. या शहरात ज्याच्याकडे गाडी नाही तो माणूस म्हणजे शोकेसमधली बाहुली. कोणी उचलून नेईल तेव्हाच हलायचं! आणि माझा मुलगा कार्ल नेमका रोझीच्या मुळावर उठला होता.

"पापा, तुम्ही एकोणसत्तरचे झालात. गाडी विकू या. कुठे जायचं असेल तर मी सोडेन ना."

"तू कधी सोडणार?"

"वीकेंडला."

म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मी सोफ्यावर बसून एसीचा रिमोट सांभाळायचा! मी नाही म्हणालो. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नाही म्हणालो. असं दीड वर्ष चाललं होतं, आणि अशा नाजूक वेळी तो अपघात झाला.

ऑगस्ट महिना. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. मी औषधं आणायला म्हणून निघालो आणि रोझी आपोआप उंटांच्या बाजाराकडच्या रफिकच्या कॅफेटेरियासमोर जाऊन थांबली. अठरा वर्षांची सवय, तिचा काय दोष! आता एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला साखरेचा आजार आहे, आणि करक म्हणजे कडक दुधाळ चहा व मध-चीजचा पराठा या दोन्ही वस्तूंवर कॅमिलाने घरात आजन्म बंदी घातलेली आहे. म्हणून तर घराबाहेर जावं लागतं.

इथली पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. चहासाठी गाडीतून कोणी उतरत नाही. दुकानासमोर गाडी लावायची, दोनदा हॉर्न वाजवायचा, की आतून माणूस ट्रे घेऊन हजर. मी दोनदा वाजवला. रफिक आला नाही. मग मी तिसऱ्यांदा वाजवला, जरा लांब. दोन हॉर्न म्हणजे चहा, हे सगळ्या देशाला माहीत आहे. लांब हॉर्न म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या हिशोबाने त्याचा अर्थ होता, 'आणि एक पराठापण!' पण माझ्यापुढे एक पिकअप उभी होती. तिच्या ड्रायव्हरच्या हिशोबाने त्याचा अर्थ होता, 'मागे घे!'

त्याने मागे घेतली. धप्प!

धडक म्हणाल तर, झोपेत कूस बदलताना बायकोचं कोपर लागतं ना, तेवढी. पण रोझीचा बंपर चेपला आणि नंबर प्लेट वाकली. मी डोळे उघडून बघतो तर काचेसमोर एक तोंड! लांब पापण्या, लोंबता ओठ, आणि रवंथ चालू. पिकअपच्या मागच्या हौद्यात एक उंटीण पाय दुमडून बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, की जणू धडक मीच दिली!

पुढून पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातला, एक तरुण धावत आला. त्याचं नाव फहद. "सॉरी, अंकल, सॉरी! मेरा गलती! मैं समझा तुम को रास्ता चाहिए!"

"मेरे को पराठा चाहिए था!" मी म्हणालो.

इतका गोड पोरगा! त्याने स्वतः हाक मारून रफिकला बाहेर बोलावलं, चहा मागवला, पराठा मागवला, वर पैसेही दिले. मग पंचनामा करणारा माणूस आला. इथे अपघात झाला की दोन कागद निघतात. ज्याचा दोष नाही त्याला हिरवा, ज्याचा दोष आहे त्याला लाल. रिव्हर्स येणारी गाडी नेहमी दोषी, त्यामुळे मला हिरवा! आयुष्यात पहिल्यांदा सरकारी शिक्क्यानिशी मी निर्दोष ठरलो होतो. मी तो कागद उशाखाली घेऊन झोपणार होतो. पण घरी दार उघडताच कॅमिलाने विचारलं, "एवढा वेळ?"

"अफघाक झाला," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "कवळी कुठे आहे तुमची?"

मी जीभ फिरवली. वरच्या बाजूला सगळं वाळवंट! अहो, वरची अख्खी कवळी गायब!

आता खरं सांगायचं तर मला एवढंच आठवत होतं, की मध-चीजचा पराठा कवळीला फार चिकटतो, त्यामुळे खाताना मी ती कधीकधी काढून ठेवतो. पण कवळी म्हटलं की पराठा आला, पराठा म्हटलं की मध आला, आणि मध म्हटलं की कॅमिलाने माझं पुढचं आयुष्य दुधीभोपळ्यावर काढायला लावलं असतं. तेव्हा मी म्हणालो, "धडकेत उडाली!"

"उडाली? कुठे उडाली?"

"पुढे."

"पुढे कुठे?"

"पिकअपमध्ये."

चौदा वर्षांची माझी नात एमिली कानातले इअरफोन काढून म्हणाली, "ग्रँडपा, विंडो तर क्लोज्ड असते ना? यू ऑलवेज हॅव द एसी ऑन."

पोरांना विज्ञान शिकवू नये! "ओरडायला उघडली होती," मी म्हणालो.

"मग पिकअपमधून उचलून का नाही आणली?" कॅमिला काही सोडेना.

माझ्या डोळ्यांसमोर ते लांब तोंड आलं. हलणारा जबडा. कचकच, कचकच. आणि मी, माझी काहीही इच्छा नसताना, म्हणालो, "उंटिणीने खाल्ली."



ही गोष्ट मी त्या रात्री एकदा सांगितली, सकाळी शेजाऱ्यांना एकदा, आणि रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात अकरा वेळा. माझा एक स्वभाव आहे. कुठलीही गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की मला ती खरी वाटायला लागते. पाचव्या वेळेला मला कवळी हवेत गिरक्या घेताना दिसू लागली. नवव्या वेळेला पिकअपचा वेग ताशी एकशे चाळीस झाला. अकराव्या वेळेला तर उंटिणीने कवळी गिळल्यावर ढेकर दिला, तो मी माझ्या कानांनी ऐकला!

विमा कंपनीने बंपर नवा करून दिला. कवळीबद्दल दोन ओळींचं पत्र आलं, 'दात हा गाडीचा भाग नाही.' नवी कवळी बावीसशे दिरहम. म्हणजे बावन्न हजार रुपये! बावन्न हजारांत वसईला माणसाचा जबडा बदलून देतील!

तेव्हा मी ती कोर्टाची घोषणा केली, आणि कार्लने डाव साधला.

"ठीक आहे, पापा. तुम्ही एवढे शुअर आहात ना? केस जिंकलात तर रोझी तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. हरलात तर चावी माझ्याकडे, आणि शनिवारी गाडी विकायला."

"डन!" मी म्हणालो. नुसत्या खालच्या दातांवर तो शब्द जेवढा दणक्यात निघतो तेवढ्या दणक्यात.

कॅमिलाने मात्र तिचा वेगळा अर्ज दाखल केला. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनीसमोर तिने मेणबत्ती लावली. मी म्हणालो, "अगं, हरवलेली नाही, खाल्लेली आहे!"

"संताला काय कमी समजता? तो उंटाच्या पोटातूनही काढेल."

इथे कोर्टाचे कागद अरबीत लागतात, म्हणून मी टायपिंग सेंटर गाठलं. तिथे हैदराबादची बिलकीस बसते. बोटं अशी चालतात की पत्र्यावर गारा पडतायत! मी माझं निवेदन तिच्यापुढे ठेवलं. अकरा पानं, दोन्ही बाजूंनी.

तिने पहिलं पान वाचलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"अंकल, ये 'सूरज डूबते वखत सहरा सोने के माफिक चमक रा था' लिखना जरूरी है क्या?"

"माहौल बनता है!"

"माहौल का भी पर पेज साठ दिरहम है, अंकल."

साठ म्हणजे चौदाशे रुपये! मी सूर्यास्त काढून टाकला. मग वाळवंट काढलं. मग माझं बालपण काढलं. शेवटी चार ओळी उरल्या. गाडी मागे आली, धडकली, दात उडाले, उंटाने खाल्ले.

"ऊंट कू पार्टी बनाना है क्या?" बिलकीसने विचारलं.

"बना सकते हैं?"

"नक्को, अंकल. मालिक काफी है."

तिने बटण दाबलं आणि फहदच्या मोबाइलवर नोटीस गेली. दहाव्या मिनिटाला माझा फोन वाजला. मी घरी पोचलोही नव्हतो. घरी पोचल्यावर पुन्हा वाजला, आणि कॅमिलाने तो सरळ स्पीकरवर टाकला.

"अंकल!" फहदचा आवाज रडवेला. "तुम्हारा दांत मेरा रीम खाया? सच्ची?"

रीम म्हणजे ती उंटीण. मला वाटलं होतं पोरगा चिडेल, भांडेल. त्याला पैशांचं काहीच नव्हतं, पोटातल्या कवळीची काळजी!

"अंकल, दांत में लोहा है? तार है? शार्प है? रीम दो दिन से कम खाती है! मैं सोचा गर्मी है!"

इथे, वाचकहो, मला सगळं कबूल करण्याची सुवर्णसंधी होती. नुसतं 'बेटा, मला नक्की आठवत नाही' एवढं म्हणायचं. पण समोर कॅमिला हाताची घडी घालून उभी होती. कार्ल टेबलावरच्या रोझीच्या चावीकडे मांजराने बांगड्याकडे बघावं तसा बघत होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तार है. थोडा सा."

"या अल्ला!" फोन बंद.

आठवडाभर काही नाही. मी खुशीत! बिचारा पैसे जमवत असेल. मग माझ्याच मोबाइलवर एक मेसेज आला. बिलकीसला दाखवला. तिने वाचला, आणि यावेळी चष्मा न काढताच डोळे मिटले.

"अंकल, वो बी क्लेम डाल दिया. तुमारे ऊपर."

"मेरे ऊपर? काय के लिए?"

"ऊंट का एक्सरे. ऊंट का डॉक्टर. ऊंट कू दो बार दवाखाने ले जाने का भाडा. टोटल अडतीस सौ दिरहम."

अडतीसशे! एक्क्याण्णव हजार रुपये! आणि एक्स-रेमध्ये काय निघालं? काही नाही! पोट एकदम स्वच्छ. जनावरांच्या डॉक्टरने शिक्का मारून लिहून दिलं होतं, 'दात फक्त स्वतःचे.'

"गिळून कितीतरी दिवस झाले, बाहेर पडली असेल," मी घरी म्हणालो. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला पहिल्यांदा शंका आली, की तो ढेकर मी खरंच ऐकला होता का!

कोर्टाची इथे एक रीत चांगली आहे. आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे जायचं, तिथे जमलं नाही तर मग न्यायाधीश. आणि हे सगळं व्हिडिओवर! ठरलेल्या दिवशी सकाळी एमिलीने लॅपटॉप लावला. मी सूट घातला, टाय घातला, खाली लुंगी. शेजारी कॅमिला, मागे कार्ल. कार्लने रोझीची चावी आपल्या शर्टाच्या खिशात आधीच टाकून ठेवली होती. मुलगा की सावकार!

पडद्यावर चार चौकोन. एकात समेटवाले अधिकारी, दाढी नीट कापलेली, चेहरा शिसवी लाकडाचा. एकात दुभाष्या, जो त्यांचं अरबी आम्हाला हिंदीत सांगायचा. एकात फहद, आपल्या शेतावरच्या तंबूत, शेजारी लोडाला टेकलेले त्याचे वडील, आणि त्या दोघांच्या मध्ये, पाठीमागून, रीम! रवंथ चालू. चौथा चौकोन काळा होता.

"सांगा," दुभाष्या म्हणाला.

आणि मी सांगितलं! काय सांगितलं! खाली दात, वर हिरड्या, तरी असा बोललो की हॉटेलातली माझी न्यू इयरची भाषणं फिकी पडावीत. कवळीने हवेत तीन गिरक्या घेतल्या. दुभाष्याने तिन्ही गिरक्यांचं भाषांतर केलं. तिसऱ्या गिरकीला फहदचे वडील पुढे सरकून बसले. ढेकराला तर त्यांनी मांडीवर थाप मारली!

"काय म्हणाले ते?" मी दुभाष्याला विचारलं.

"बोलते हैं, फिर? फिर क्या हुआ?"

बघा! एकतरी रसिक माणूस भेटला! पण अधिकाऱ्यांचा चेहरा शिसवीच राहिला. ते काहीतरी म्हणाले.

"साहब पूछते हैं, कोई गवाह है?"

मी म्हणालो, देव! तेवढ्यात फहद म्हणाला, "मेरा है. कॅफेटेरिया का कॅमेरा." आणि चौथा चौकोन उजळला. त्यात रफिक! पन्नाशीचा, टकलावर घाम, मागे चहाचं भांडं उकळतंय.

"अस्सलाम अलैकुम. सब को नमस्ते, अंकिल," रफिक म्हणाला, आणि त्याने कॅमेऱ्याची फिल्म लावली.

वाचकहो, माणसाने स्वतःचा फोटो बघावा, फिल्म कधी बघू नये. पडद्यावर रोझी आली. दोन हॉर्न. मग लांब हॉर्न. पिकअप मागे आली, गोगलगायीच्या चालीने. एमिली म्हणाली, "ग्रँडपा, दॅट्स वन फॉर्टी?" मग मी गाडीतून उतरलो, फहदला ओरडायला तोंड उघडलं, आणि तोंडात दात! वर-खाली, सगळे, उन्हात लखलखत! धडकेनंतर!

माझ्या मानेवरून घामाचा थेंब निघाला तो थेट लुंगीपर्यंत गेला.

फिल्म पुढे चालू. मी गाडीत बसलो. रफिकने ट्रे आणला. कॅमिला पुढे वाकली. "ते काय आहे ट्रेवर?"

"औषध," मी म्हणालो.

"गोल? चीज लावलेलं?"

पडद्यावरच्या मी तोंडात दोन बोटं घातली, कवळी काढली, टिश्यूमध्ये अगदी बाळाला गुंडाळावं तशी गुंडाळली आणि ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. पराठा खाल्ला. बोटं चाटली. एकदा नाही, पाचही! मग हात हलवून रफिकला सांगितलं, खलास, घेऊन जा. तो घेऊन गेला. त्याच वेळी फहदची पिकअप निघाली, आणि मी रीमकडे बघत मागे टेकलो. कचकच, कचकच.

फिल्म संपली. रफिक खाली वाकला आणि त्याने काचेचा एक ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला. अख्खा चौकोन भरून माझीच कवळी मला हसत होती!

"अंकिल, मैं रोज धोया, पानी बदला. सोचा जिस का है, वो आयेगा. आप उस के बाद आया ही नहीं!"

कसा येणार? कॅमिलाने औषधं घरपोच मागवायला सुरुवात केली होती!

"संत अंतोनी पावला!" कॅमिला ओरडली आणि तिने कपाळाला हात लावून क्रूस केला. त्रेचाळीस वर्षांत तिने माझ्यासाठी मागितलेली एकच गोष्ट संताने ऐकली, आणि ती कोर्टासमोर!

आता मला शिक्षा होणार, मला देशाबाहेर काढणार, वसईला विमानतळावर लोक बोंबलांचे हार घेऊन येणार, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एक्क्याण्णव हजार रुपये वेगळेच. पण त्याहून वाईट म्हणजे मागे कार्लचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. चावी जागेवर आहे ना, हे तो चाचपून बघत होता.

तेवढ्यात तंबूतून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रीम. पण ते फहदचे वडील! हसत होते. असे हसत होते की लोडावरून कलंडले, डोक्यावरचा रुमाल घसरला, फहदने पाणी दिलं तर पाण्यातही हसले. मग फहद डोळे पुसत म्हणाला, "अंकल, मेरा बाबा तीन महीने से घुटने का ऑपरेशन के बाद ऐसे बैठा है. न बात करता है, न हसता है. आज पहली बार!"

म्हाताऱ्याने बोट वर केलं आणि अधिकाऱ्यांशी अरबीत बराच वेळ बोलला. अधिकाऱ्यांचा शिसवी चेहरा एका बाजूने हलला. त्यांनी खाली बघून लिहायला सुरुवात केली. दुभाष्या सांगू लागला, "दोनों दावे वापस. पेनल्टी कुछ नहीं. बाबा की एक शर्त है. हर जुम्मे को, असर की नमाज के बाद, ये अंकल उनके खेत पे आयेंगे और ऊंट वाली कहानी पूरी सुनायेंगे. डकार के साथ."

"मंजूर!" मी उठून उभा राहिलो. लुंगी सगळ्या कोर्टाला दिसली.

कार्ल पुढे झाला. "सर, आय विल ड्रॉप हिम. गाडी तशीही विकायची आहे."

दुभाष्याने म्हाताऱ्याला सांगितलं. म्हाताऱ्याने जोरजोरात नकाराची मान हलवली. "ला, ला, ला!"

"बाबा बोलते हैं, वोही गाडी. वोही ड्रायव्हर. और गेट पे आके तीन हॉर्न. दो छोटे, एक लंबा. ये भी लिख दिया है."

शिक्का पडला! आमच्या एमिलीच्या प्रिंटरमधून तो कागद गरम गरम बाहेर आला. मी कार्लपुढे हात पसरला.

"पापा, तुम्ही हरलात!"

"हरलो ना! पण सरकारी शिक्का आहे, बाळा. कागद मोडायचा का?"

त्याने चावी काढून माझ्या हातावर ठेवली. दात काढताना माणूस जसा चेहरा करतो तसा चेहरा करून.

कॅमिलाने मात्र तिचं कलम त्याखाली पेनने घातलं. 'घरातून निघताना आणि परत आल्यावर तोंड उघडून दाखवायचं. कवळी नसेल, किंवा कवळीला मधाचा वास असेल, तर चावी जप्त.' विमानतळावरसुद्धा एवढी तपासणी होत नाही! पण मी सही केली. कवळी आणायला आम्ही दोघं गेलो. रफिकने ग्लासचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

तेव्हापासून मी सात शुक्रवार गेलो. गेटवर तीन हॉर्न, आतून 'यल्ला, यल्ला!' म्हणजे 'चल, चल!', आणि म्हातारा लोडावर सरसावून तयार. आता तो काठी घेऊन गेटपर्यंत चालत येतो. गोष्टीत गिरक्या तीनच्या सात झाल्या आहेत. माझ्याच दातांनी पुन्हा जेवायला मिळत होतं, रोझी धावत होती, कार्ल गप्प होता. सगळं कसं छान चाललं होतं.

चाललं होतं, म्हणतोय.

गेल्या शुक्रवारी फहदने खजूर आणले. मऊ, चिकट, मधासारखे. आता खजूर काही पराठा नाही, कागदात खजुराबद्दल अक्षर नाही! मी कवळी काढून टिश्यूत गुंडाळली आणि शेजारी सतरंजीवर ठेवली. गोष्ट ऐन रंगात आली होती. मी दोन्ही हात वर करून गिरकी दाखवत होतो. मागून एक लांब मान हळूच पुढे आली. लांब पापण्या, लोंबता ओठ.

कचकच. गट्ट!

आणि ढेकर! शपथेवर सांगतो, ढेकर दिला! या कानांनी ऐकला!

मी ओरडलो, "फहद! रीम मेरा दांत खा गई! सच में!" बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. म्हातारा टाळ्या वाजवत म्हणाला, आज सगळ्यात चांगली सांगितलीस! मी एक्स-रे काढा म्हणालो, तर आणखी हसले. रफिकला फोन केला, तो म्हणाला, "अंकिल, ट्रे में देखा, इधर नहीं है." कोणीही, अहो कोणीही, विश्वास ठेवायला तयार नाही!

घरी पोचलो तेव्हा कॅमिला नशिबाने चर्चमध्ये होती. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. सकाळी पाटीवर लिहून दाखवलं, 'नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना. मौन पाळतोय.' तिचे डोळे पाणावले. म्हणाली, कोर्टाने माणूस सुधारला! आज पाचवा दिवस आहे. परवा शुक्रवार. निघताना तोंड उघडून दाखवायचं आहे, आणि रोझीची चावी खिशात अशी थरथरतेय की तिलासुद्धा सगळं कळलंय.

म्हणून तर हे सगळं तुम्हाला लिहून सांगतोय. तोंडाने सांगितलं असतं, पण 'शपथ' म्हणायला वरचे दात लागतात, आणि माझे सध्या रीमच्या पोटात बसून पिकअपमधून ताशी वीसच्या वेगाने, अगदी सावकाश, बाजाराकडे चालले आहेत.